कितने का, कितने की, कितने के

"कां जाना हे, अम्मा?"

ई-रिक्षावाला मान वळवून विचारतो. इंदूरच्या रिंग रोडवरचा खजराना चौराहा. बुधवार, सकाळचे साडेनऊ. एप्रिल संपत आलाय आणि ऊन आत्ताच डोक्यावर येऊन बसलंय. मागून बस हॉर्न वाजवतेय. मावशी माझ्याकडे बघते, मग हातातल्या वहीकडे.

वहीत 'कहाँ' आहे. 'कां' नाही.

"मंदिर," ती म्हणते. तेवढं पुरतं. रिक्षा हलते.

वही तिच्या नातीने लिहून दिली आहे. नात तिसरीत, इंदूरच्याच शाळेत. पहिल्या पानावर जाड पेन्सिलीत एकाखाली एक शब्द: कहाँ – कुठे. कब – केव्हा. कौन – कोण. कितना – किती. क्यों – का. दुसऱ्या पानापासून वाक्यं. मावशी सदुसष्ट वर्षांची. सगळं आयुष्य संगमनेरला गेलं. दिवाळीनंतर ती मुलाकडे राहायला आली. मुलगा-सून कामाला गेली, नात शाळेत गेली, की घरात ती आणि दारावरची बेल.

"हिंदी कळते गं मला," ती रिक्षातही सांगते. कळतेच. चाळीस वर्षं सिनेमे आणि मालिका पाहिल्यात. दारावर कोणी काही विचारलं तर 'हाँ' आणि 'नहीं' यांवर तिचं निभावतं. पण आपणहून काही विचारायचं म्हटलं की तोंड कोरडं पडतं. उत्तराला एक शब्द चालतो. प्रश्न आख्खा बांधावा लागतो, आणि तोही समोरचा माणूस निघून जायच्या आत.

रिक्षा मंदिराच्या रस्त्याला वळते. झेंडूचा वास आधी येतो, मग दुकानं दिसतात. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ताडपत्रीच्या सावल्या. त्यांच्याखाली नारळांच्या उतरंडी, लाडवांची खोकी, लाल-पिवळे दोरे, दूर्वांच्या जुड्या, वेताच्या पसरट डलिया. डलिया म्हणजे पूजेचं साहित्य मांडलेली टोपली. प्रत्येक दुकानातून एकच हाक येते: "चप्पल यहीं उतार दो, अम्मा! चप्पल यहीं रख दो!"

"कितना हुआ?" मावशी रिक्षावाल्याला विचारते. तो दोन बोटं दाखवतो. "बीस." ती पैसे देते आणि जरा ताठ उभी राहते. दिवसाचा पहिला प्रश्न पार पडलाय.

दुकानात एक मुलगी बसली आहे. वीस-बावीसची असेल. दोऱ्यात झेंडू ओवताना तिचे हात थांबत नाहीत. मावशी नारळावर बोट ठेवते.

"नारियल कितने का?"

"पैंतीस."

"माला कितने का?"

"माला कितने की, अम्मा," मुलगी म्हणते. चूक काढल्यासारखं नाही. दोऱ्याची गाठ सरळ करावी तसं. "बीस की."

मावशीचं बोट आता लाडवांच्या खोक्यावर. ती थांबते. मनात वाक्य फिरतंय ते चेहऱ्यावर दिसतं. "लड्डू... कितने के?"

मुलगी हसते. "हओ. अब सही."

संगमनेरच्या बाजारात हे सगळं एका 'कितीला'त भागतं. नारळ कितीला, माळ कितीला, लाडू कितीला. वस्तू बदलते, प्रश्न तसाच राहतो. इथे वस्तूकडे पाहून प्रश्नाने रूप बदलायचं. नारळ पुरुष, माळ बाई, लाडू पुष्कळ. शिवाय आपल्याकडे तीन लिंगं, इथे दोनच. मराठीतलं नपुंसकलिंग घेऊन आलेल्या माणसाने ते कुठे ठेवायचं? फूल, केळं, लिंबू, दूध, पाणी ही सगळी हिंदीत पुरुषांत जाऊन बसतात. पुस्तक आणि घड्याळ मात्र बायकांत. नियम शोधून सापडत नाही. एकेक वस्तू हातात घेऊन विचारत जावं लागतं, आणि समोरच्याने 'का'चं 'की' केलं की लक्षात ठेवावं लागतं.

प्रश्न जमला तरी उत्तर उरतंच. "पैंतीस म्हणजे?" मावशी मला हळूच विचारते. पस्तीस. पैंतालीस म्हणजे पंचेचाळीस, पैंसठ म्हणजे पासष्ट. दीडला डेढ़, अडीचला ढाई. ती वहीच्या मागच्या पानावर लिहून घेते. चपला दुकानाच्या फळीखाली जातात. पायाखालचा रस्ता तापलेला आहे. आम्ही भराभर चालतो.

रांग लोखंडी कठड्यांच्या मधून सरकते. वर हिरवी जाळी. तिच्यातून गाळलेलं ऊन सगळ्यांच्या खांद्यांवर चौकोन चौकोन पडलंय. खाली चटयांवर कोणीतरी नुकतंच पाणी मारलंय. ओल्या चटईवर पाय ठेवला की रांगेतल्या प्रत्येकाच्या तोंडून एकच सुस्कारा निघतो. लहान मुलं कठड्यांवर लोंबकळतात. एक बाई पदराने वारा घेते आणि शेजारच्या अनोळखी म्हातारीलाही घालते. घंटा वाजते, थांबते, पुन्हा वाजते.

"आखिरी कौन है?" मावशी विचारते. हा वहीतला सातवा प्रश्न.

"हम हैं, माताजी. आ जाओ पीछे."

आमच्या पुढे देवासहून आलेलं कुटुंब आहे. रांग बाराएक पावलं सरकते आणि थबकते. मावशीला आपला कितवा नंबर ते हवंय. ती वही उघडते. त्या ओळीवर नातीने 'कितवा' लिहिलंय, पुढे बरोबरचं चिन्ह आणि त्यापुढे कोरी जागा. पोरीने बरीच खाडाखोड केलेली दिसते. शब्द सापडलेला नाही. रोजच्या हिंदीत 'कितवा'ला एकच एक शब्द नाहीच. राम हा दशरथाचा कितवा मुलगा, हे मराठीत दुसरीतलं पोर विचारतं. हिंदीत तेवढ्यासाठी वाट वाकडी करावी लागते.

मावशी बोटांनी माणसं मोजल्याची खूण करते. "हमारा नंबर... आगे..."

देवासच्या बाईला कळतं. "आगे कित्ते जने हैं? ये पूछ रहे हो?"

"हाँ! कित्ते जने." जने आणि जण. शब्द दोन्हीकडचा निघतो. मावशी कोऱ्या जागेत पेन्सिलीने लिहिते: आगे कितने जने हैं. नातीला उत्तर नेऊन द्यायचं आहे.

रांग थांबली की बोलणं वाढतं. देवासची बाई विचारते, "आप लोग महाराष्ट्र से हो क्या?" मावशीच्या कपाळावरच्या आठ्या उलगडतात. हे वाक्य तिच्या कानाला ओळखीचं आहे. आपण म्हणतो, 'तुम्ही महाराष्ट्रातले का?' प्रश्नाचा शब्द शेवटी. आधी सगळं सांगून घ्यायचं, मग 'का' लावायचा. शाळेतल्या हिंदीत 'क्या' सुरुवातीला येतो: क्या आप महाराष्ट्र से हैं? नातीने वहीत तसंच लिहिलंय आणि मावशी तिथेच अडखळते. 'क्या' म्हटलं की तिच्या डोक्यात 'काय' उभं राहतं आणि पुढचं वाक्य हरवतं. शिवाय हिंदीतला 'का' तिला दिवसभर चकवतो. 'राम का' ऐकलं की तिला वाटतं, कोणीतरी विचारतंय, राम का? पण बोलण्याच्या हिंदीत 'क्या' मागेही जाऊन बसतो, आणि मराठी माणसासाठी मोठी सोय होते. मिलेगा क्या, खुला है क्या, जाना है क्या. शब्द हिंदी, बसण्याची जागा आपली.

मागून कोणीतरी मराठीत बोलतं. "तुम्ही कुठून येऊन राहिले?"

सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ. टोपी, हातात पितळी तांब्या. तीन पिढ्या इंदुरात, ते सांगतात. मराठी घरात, हिंदी दारात. त्यांच्या मराठीला माळव्याचा हेल आहे. अशी माणसं इथे वेचून काढावी लागत नाहीत. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात मराठी ही मातृभाषा सांगणारे बारा लाखांहून जास्त होते. होळकरांची राजधानी १८१८ मध्ये इंदूरला आली आणि तिच्यामागून कारकून, पुराणिक, शिक्षक, वैद्य येत राहिले. त्यांतल्या प्रत्येकाच्या घरी कोणीतरी पहिल्यांदा बाजारात जाऊन भाव विचारला असणार.

गृहस्थ बोटांवर वर्षं मोजतात. मराठी साहित्य संमेलन इंदुरात १९१७ साली भरलं. पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, इथे हिंदी साहित्य संमेलन भरलं आणि त्याचे अध्यक्ष होते गांधीजी. मातृभाषा गुजराती. दक्षिणेत हिंदी शिकवायला माणसं पाठवायचं त्याच वेळी ठरलं, आणि त्यांचे चिरंजीव देवदास त्या कामासाठी मद्रासला गेले. १९३५ साली तर दोन्ही संमेलनं याच शहरात भरली, आणि हिंदीचे अध्यक्ष पुन्हा गांधीजी. "दोन्हीकडचे मांडव एकाच गावात," गृहस्थ म्हणतात आणि तांब्या या हातातून त्या हातात घेतात.

रांग पुन्हा हलते.

गाभाऱ्याजवळ आवाज दाटतो. पुजाऱ्याचा हात अखंड हलतोय. डलिया जाते, टेकते, परत येते. शेंदराचा गणपती, फुलांनी झाकलेला. औरंगजेबाच्या काळात ही मूर्ती विहिरीत लपवली होती आणि पुढे बाहेर काढून तिची स्थापना झाली, अशी कथा इथे सगळे सांगतात. मंदिर बांधल्याचं श्रेय अहिल्यादेवी होळकरांना देतात. "आगे चलो, आगे चलो, माताजी." दोन क्षण मिळतात. मावशी डोळे मिटून काहीतरी पुटपुटते. मराठीत. इथे तिला वही लागत नाही.

बाहेर येताच देवासची बाई विचारते, "दर्शन हो गए?"

मावशी मला विचारते, "हो गए? किती वेळा?" एकदाच. पण हिंदीत देवाचं दर्शन बहुवचनात होतं. आपण 'दर्शन झालं' म्हणतो, इथे 'दर्शन हुए'. या वाक्यात 'क्या' पुढेही नाही आणि मागेही नाही. नुसता आवाज शेवटी थोडा वर गेला की प्रश्न झाला. मावशी तो सूर दोनदा म्हणून पाहते. दर्शन हो गए? दर्शन हो गए? दुसऱ्या वेळी जमतो. समोरून येणारा एक अनोळखी माणूस चालता चालता उत्तर देतो, "हो गए, अम्मा, बढ़िया!"

मंदिराला वळसा घालून लोक मागच्या भिंतीशी जातात. तिथे गर्दी निराळी आहे, शांत. बोटं कुंकवाने लाल. भिंतीवर उलटी स्वस्तिकं काढली जातायत. मनात काही मागायचं आणि स्वस्तिक उलटं काढायचं. मागितलेलं पुरं झालं की परत यायचं आणि सुलटं काढायचं. एक मुलगा परीक्षेचं प्रवेशपत्र छातीशी धरून उभा आहे. एक जोडपं काही न बोलता एकच स्वस्तिक दोघांच्या बोटांनी काढतं. बाजूला एक बाई सुलटं काढतेय, सावकाश, आणि तिचे डोळे भरलेत. इथे उलटं म्हणजे विचारलेलं आणि सुलटं म्हणजे मिळालेलं.

पिंपळाच्या सावलीत आम्ही टेकतो. मी मावशीला सांगते, अहिल्याबाई तुझ्याच जिल्ह्यातल्या. चौंडीला १७२५ साली जन्मल्या. लग्न होऊन होळकरांकडे आल्या तेव्हा जेमतेम आठ वर्षांच्या होत्या. पुढे १७६७ ते १७९५ कारभार केला, महेश्वरहून. त्यांच्या नावावरून आता जिल्ह्याचं नावच अहिल्यानगर आहे.

मावशीला हे सगळं माहीत आहे. ती ऐकत नाहीये, विचार करतेय.

"आठ वर्षांची पोर," ती म्हणते. "आपली तिसरीतली, तेवढी. इथे सगळी माळव्याची बोली. पाणी कुठे, वाट कुठली, हे पहिल्यांदा कोणाला विचारलं असेल तिने?"

वर पिंपळाची पानं सळसळतात. मी उत्तर देत नाही. मला येत नाही.

परतीच्या वाटेवर बांगड्यांचं दुकान. मावशीला नातीसाठी घ्यायच्या आहेत, माप मात्र ठाऊक नाही. ती सुनेला फोन लावायला बाजूला होते आणि दुकानदाराला सांगते, "ज़रा विचार के आती हूँ."

"अरे, इसमें विचार क्या करना, अम्मा! चालीस की ही तो हैं. ले जाओ."

ती चक्रावते. "नहीं, बहू को विचारना है."

दुकानदारही चक्रावतो. हिंदीत 'विचार करना' म्हणजे मनातल्या मनात ठरवणं. आपण विचार करतो आणि विचारतोही. मराठीत दोन्ही एकाच मुळातून फुटलेले शब्द. हिंदीत दुसऱ्यासाठी 'पूछना'. "पूछ के आती हूँ," मी मधे पडून सांगते. "हाँ तो बहू से पूछ लो ना," तो लगेच मोकळा होतो. आणि मावशी पुन्हा थांबते. बहू से? आपण सुनेला विचारतो. हिंदीत सुनेकडून विचारतात, मागून घ्यावं तसं. ती लिहून घेते: से पूछना. आणि खाली, स्वतःच्या अक्षरात: विचार ≠ विचारणे.

सुनेने माप सांगितलंय. बांगड्या कागदात गुंडाळल्या जातात.

मंदिराची वस्ती मागे टाकून आम्ही जुन्या खजरान्याच्या बाजूला निघतो. खजराना म्हणजे एकटं मंदिर नव्हे. नाहर शाह वलींचा दरगाहही इथलाच. रस्ता अरुंद होतो. पाट्यांवर हिंदीच्या शेजारी उर्दू. शिलाईमशीनची घरघर, लोखंड ठोकल्याचा आवाज, कुठेतरी तव्यावर पडणारा उलथना. ऊन आता सरळ डोक्यात. मावशीच्या ओठांवर कोरड आली आहे. पाण्याची बाटली रांगेतच संपली.

एका टपरीपुढे कढई उकळतेय. बाकावर पोहे खाणारे दोघेजण. वर शेव, वर जीरावन मसाल्याचा तपकिरी भुरका. मी पुढे होऊन विचारणार, तेवढ्यात मावशी माझा दंड धरते. वही पिशवीतच आहे.

"भिया, पानी मिलेगा क्या?"

टपरीवाला वर बघतो. पांढरी जाळीची टोपी, पांढरी दाढी. "क्यूँ नी मिलेगा, अम्मा. बेठो." पोरगा माठातून पेला भरून आणतो. मग दुसरा. मावशी घटाघट पिते, तोंड पुसते. पुस्तकातला 'भैया' इथे 'भिया' होतो, 'नहीं'चा 'नी', 'बैठो'चा 'बेठो'. हे तिला कोणी शिकवलेलं नाही. चार-पाच महिने खिडकीतून ऐकून ऐकून आपोआप आलंय.

"कां से हो?" टपरीवाला विचारतो.

आता 'कां' तिला कळतो. 'कहाँ' म्हणताना तिचा अनुनासिक नेहमी सुटतो आणि 'कहा' होतं. म्हणजे 'म्हणाला'. घरी नात त्यावर तिला दहादा म्हणायला लावते. इथल्या 'कां'मध्ये मात्र नाकातला सूर आपसूकच येतो. आपल्या 'का'वर एक टिंब, बस.

"संगमनेर," ती सांगते. "नासिक के पास."

"शिरडी के उधर?"

"हाँ, शिरडी के उधर!" गाव एकदम जवळ येतं. टपरीवाला मान डोलावतो, एक चहा न मागता पुढे सरकवतो. कागदी कप रिकामा होतो तेव्हा मावशी तो हातात धरून इकडेतिकडे पाहते. २०१७ पासून कित्येक वर्षं देशात स्वच्छतेत पहिला नंबर मिळवलेलं हे शहर. इथे कप कुठेही टाकून चालत नाही.

"कचरा कां डालूँ?"

पोरगा दोन डबे दाखवतो. गीला, सूखा. ओला, सुका. ती कप सुक्यात टाकते. पोरगा अंगठा वर करतो.

दुपारी एकच्या सुमाराला आम्ही फुलांच्या दुकानाशी परततो. रस्ता ओसरलाय. ताडपत्रीखालची सावली आखडून दुकानाच्या पोटात शिरली आहे. सकाळची ताजी फुलं कडेने काळवंडलीत. मुलीने त्यांच्यावर ओलं फडकं टाकलंय. फळीखालून ती आमच्या चपला काढते. न सांगता, न विचारता, बरोबर त्याच. सकाळपासून शेकडो जोड गेले असतील.

"मिल गई ना?" ती विचारते. चप्पल, स्त्रीलिंग. दोन्ही भाषांत. मावशी हसते.

मुलगी घाम पुसते आणि पुन्हा सुई उचलते. तिच्याशेजारी कापडात बांधलेला डबा आहे. गाठ अजून तशीच.

मावशीने चपला घातल्या आहेत. रिक्षा समोर उभी आहे. ती निघत नाही. डब्याकडे बघते, मुलीच्या हातांकडे बघते. सकाळपासूनचे तिचे सगळे प्रश्न मला आठवतात. किती, कोण, कुठे, मिळेल का. सगळे गरजेचे. सगळे आपल्यासाठी.

"बेटा," ती म्हणते, "तुमने खाना खाया क्या?"

सुई थांबते. सकाळपासून पहिल्यांदा.

"अभी कां, अम्मा," मुलगी म्हणते. "गिराक छूटे तब ना." मग जरा थांबून, "आपने?"

मावशी फळीच्या कडेला बसते. पिशवीतून लाडवांचं खोकं काढते आणि झाकणाची दोरी सोडायला लागते. रिक्षावाला हाक मारतो, "चलना हे क्या?" मी त्याला हाताने थांबायची खूण करते. मुलगी डब्याची गाठ सोडतेय.